ॲलर्जीची औषधे, कर्करोगाची औषधे आणि आहार यांमधील आंतरक्रिया

एखादे औषध दुसऱ्या औषधाबरोबर किंवा विशिष्ट खाद्यपदार्थाबरोबर घेतल्यामुळे त्याचा परिणाम वाढणे, घटणे किंवा बदलणे, यास औषधशास्त्रात आंतरक्रिया असे म्हणतात. ॲलर्जीवरील औषधे आणि कर्करोगावरील औषधे यांच्या बाबतीत या आंतरक्रियांना विशेष महत्त्व आहे. ॲलर्जीवरील गोळ्या किरकोळ समजल्या जातात व अनेकदा डॉक्टरांना न विचारता घेतल्या जातात. कर्करोगावरील बहुसंख्य औषधांत उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांमधील अंतर फार थोडे असते. आहार तर औषध म्हणून गणलाच जात नाही. त्यामुळे या तिन्हींची नोंद एकाच ठिकाणी होण्याचा प्रसंग क्वचित येतो आणि टाळता येण्याजोगे अपाय नजरेतून सुटतात.

फळांचे रस, स्निग्ध भोजन, दूध, मद्य, मसाल्यांचे अर्क आणि वनौषधी यांचा काही औषधांवर होणारा परिणाम मानवी चाचण्यांतून सिद्ध झाला आहे. मात्र प्रत्येक पदार्थ प्रत्येक औषधाशी आंतरक्रिया करीत नाही. एका गोळीला मारक ठरणारा रस दुसऱ्या गोळीबरोबर निरुपद्रवी असू शकतो. म्हणून या विषयात सरसकट पथ्यापेक्षा औषधाच्या नावानुसार पथ्य अधिक उपयोगी ठरते.

पारंपरिक संकल्पना

औषध कशाबरोबर घ्यावे, याचा विचार भारतीय वैद्यकास नवा नाही. आयुर्वेदात औषधाबरोबर किंवा औषधानंतर घ्यावयाच्या द्रव्यास ‘अनुपान’ म्हणतात. मध, तूप, दूध, कोमट पाणी अशी अनुपाने रोगानुसार व औषधानुसार सांगितली जातात. हितकर आहारास ‘पथ्य’ आणि अहितकर आहारास ‘अपथ्य’ अशी नावे आहेत. मराठीतील ‘पथ्यपाणी’ हा शब्द याच परंपरेतून रूढ झाला. आधुनिक औषधशास्त्र हाच प्रश्न वेगळ्या साधनांनी सोडविते. रक्तातील औषधाची पातळी ठराविक अंतराने मोजून अमुक पदार्थामुळे ती किती टक्के वाढली वा घटली, हे त्यात पाहिले जाते.

आंतरक्रिया कशा घडतात

तोंडावाटे घेतलेले औषध जठरात विरघळते, आतड्याच्या भित्तिकेतून रक्तात शिरते, यकृतात त्याचे रूपांतर होते आणि शेवटी ते मूत्रावाटे वा मलावाटे बाहेर पडते. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर आंतरक्रिया घडू शकते.

जठरातील आम्लता: काही औषधांना विरघळण्यासाठी आम्लाची गरज असते. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्यास ती पुरेशी विरघळत नाहीत. कर्करोगावरील डासाटिनिब, एर्लोटिनिब आणि जेफिटिनिब ही या प्रकारची उदाहरणे आहेत.

आतड्यातील वाहक प्रथिने: आतड्याच्या पेशींवरील काही प्रथिने औषधाला आत ओढून घेतात, तर पी-ग्लायकोप्रोटीनसारखी प्रथिने त्याला परत बाहेर ढकलतात. काही फळांचे रस आत ओढणाऱ्या प्रथिनांना अडवितात, तेव्हा औषध कमी शोषले जाते.

विकरे: यकृत व आतडे यांत सायटोक्रोम पी-४५० या समूहातील विकरे असतात. त्यांतील सीवायपी३ए४ हे विकर प्रचलित औषधांच्या फार मोठ्या भागाचे विघटन करते. ते अडविले गेल्यास औषध रक्तात साचते. ते उद्दीपित झाल्यास औषध वेळेपूर्वीच संपते. सीवायपी२डी६ हे दुसरे महत्त्वाचे विकर आहे.

समान परिणामांची बेरीज: दोन औषधे रक्तातील पातळीवर परस्परांना मुळीच स्पर्श न करताही धोका वाढवू शकतात. दोन्ही गुंगी आणणारी असतील, किंवा दोन्ही हृदयाच्या विद्युतचक्रातील क्यूटी अंतर लांबविणारी असतील, तर परिणामांची बेरीज होते.

इतिहास

टर्फेनाडिनचा धडा

जुन्या ॲलर्जीविरोधी गोळ्यांनी झोप येत असे. हा दोष नसलेले टर्फेनाडिन १९८५ साली अमेरिकेत मान्यता पावले आणि लवकरच लोकप्रिय झाले. हे औषध शरीरात शिरताच सीवायपी३ए४ त्याचे जवळजवळ पूर्णपणे फेक्सोफेनाडिनमध्ये रूपांतर करीत असे. ॲलर्जी शमविण्याचे काम प्रत्यक्षात हे रूपांतरित द्रव्यच करी. मूळ टर्फेनाडिन मात्र हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचे मार्ग अडविणारे होते. विकर व्यवस्थित चालू असेपर्यंत मूळ द्रव्य रक्तात साचत नसे, त्यामुळे हा दोष झाकलेला राहिला.

१९९० साली ३९ वर्षांच्या एका स्त्रीचे प्रकरण अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ती टर्फेनाडिनबरोबर बुरशीवरील केटोकोनाझोल घेत होती. केटोकोनाझोल सीवायपी३ए४ला अडविते. तिला भोवळ येऊन हृदयाचा गंभीर तालबिघाड झाला. त्यानंतर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक व ग्रेपफ्रूटचा रस यांच्यामुळेही टर्फेनाडिनची पातळी वाढते, हे दिसून आले. १९९८ साली टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले; त्याच जातीचे ॲस्टेमिझोल १९९९ साली मागे घेतले गेले. भारतात या दोन्ही औषधांवर २००३ साली बंदी आली. टर्फेनाडिनची जागा त्याच्याच रूपांतरित द्रव्याने, म्हणजे फेक्सोफेनाडिनने घेतली. ते आजही प्रचलित आहे आणि हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित मानले जाते.

ग्रेपफ्रूटचा योगायोग

१९८९ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील लंडन येथे डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधावर मद्याचा परिणाम तपासत होते. मद्याची चव लपविण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. मद्य घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आढळली, तेव्हा कारण मद्य नसून रस आहे, असे लक्षात आले. या विषयावरील त्यांचा निबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. रसातील फ्युरानोकुमारिन वर्गातील द्रव्ये, विशेषतः बर्गामोटिन आणि त्याचे जोडद्रव्य, आतड्यातील सीवायपी३ए४ कायमचे निकामी करतात. शरीराला नवे विकर तयार करावे लागत असल्याने हा परिणाम एक ते तीन दिवस टिकतो. म्हणून ‘रस सकाळी आणि गोळी रात्री’ ही युक्ती येथे उपयोगी पडत नाही.

जपानमधील सोरिव्हुडिन

१९९३ साली जपानमध्ये नागिणीवरील सोरिव्हुडिन हे नवे औषध बाजारात आले. कर्करोगावरील ५-फ्लुरोयुरॅसिल वर्गातील औषधे घेणाऱ्या रुग्णांना ते दिले गेले, तेव्हा थोड्याच आठवड्यांत डझनाहून अधिक रुग्ण दगावले. सोरिव्हुडिनपासून आतड्यातील जिवाणू जे द्रव्य तयार करीत, ते फ्लुरोयुरॅसिलचे विघटन करणाऱ्या विकराला नष्ट करीत असे. कर्करोगाची नेहमीची मात्रा त्यामुळे विषारी मात्रा बनली. साध्या दुखण्यावरील औषध कर्करोगाच्या औषधाशी जुळते का, हे तपासणे का आवश्यक आहे, याचे हे सर्वांत दुःखद उदाहरण मानले जाते.

ॲलर्जीवरील औषधे आणि आहार

फेक्सोफेनाडिन: ग्रेपफ्रूट, संत्रे व सफरचंद यांच्या रसाबरोबर घेतल्यास याचे शोषण घटते. अधिकृत माहितीपत्रकानुसार ग्रेपफ्रूट किंवा संत्र्याच्या रसाबरोबर औषधाची उपलब्धता सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होते. येथे विकर नव्हे, तर आतड्यातील वाहक प्रथिन अडविले जाते. ज्या रसाने टर्फेनाडिन रक्तात साचत असे, त्याच रसाने त्याचे रूपांतरित द्रव्य रक्तात कमी पोहोचते. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त आम्लशामकांमुळेही याचे शोषण घटते. ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, असे सांगितले जाते.

बिलास्टिन: अन्नामुळे याचे शोषण सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणून ते जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावयाचे असते.

रुपाटाडिन: याचे विघटन सीवायपी३ए४ करते. ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर याची रक्तातील मात्रा सुमारे साडेतीन पट होते. त्यामुळे हे औषध चालू असताना तो रस वर्ज्य आहे.

सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन: यांचे यकृतात फारसे विघटन होत नाही, ती मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडतात. अन्नामुळे शोषणास विलंब होतो, परंतु एकूण मात्रा घटत नाही. मूत्रपिंड दुर्बल असल्यास मात्र त्यांची मात्रा कमी करावी लागते. कर्करोगाच्या काही औषधांनी मूत्रपिंडाचे कार्य घटते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन व अन्य जुनी औषधे: यांनी गुंगी येते आणि मद्याबरोबर ती वाढते. तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता व लघवी अडणे हे त्यांचे इतर परिणाम होत.

कर्करोगावरील औषधे आणि आहार

कर्करोगाची अनेक नवी औषधे गोळ्यांच्या रूपात घरीच घेतली जातात. त्यामुळे रुग्णालयातील परिचारिकेच्या हाती असलेली वेळेची शिस्त आता घरच्या स्वयंपाकघराकडे आली आहे.

इमॅटिनिब: दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगावरील ही गोळी जेवणाबरोबर व मोठा पेला भरून पाण्याबरोबर घ्यावयाची असते, कारण रिकाम्या पोटी तिने जठराचा क्षोभ होतो.

निलोटिनिब: हेही त्याच रोगावरील औषध असले, तरी याची कॅप्सूल नेमकी उलट पद्धतीने, म्हणजे जेवणानंतर किमान दोन तासांनी घेतात व त्यानंतर एक तास काही खात नाहीत. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास याची रक्तातील मात्रा सुमारे ८२ टक्क्यांनी वाढते आणि हृदयाचे क्यूटी अंतर लांबण्याचा धोका निर्माण होतो. इमॅटिनिबवरून निलोटिनिबवर आलेल्या रुग्णाने जुनीच सवय चालू ठेवल्यास तो नकळत अपथ्य करीत असतो.

लॅपाटिनिब: स्तनाच्या कर्करोगावरील या गोळीची मात्रा स्निग्ध जेवणाने चौपटीहून अधिक होते. म्हणून ती जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर किमान एक तासाचे अंतर ठेवून घेतात.

ॲबिराटेरोन: पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील हे औषध अनशापोटी घ्यावयाचे असते. अतिस्निग्ध भोजनाबरोबर त्याची एकूण मात्रा सुमारे दसपट होऊ शकते. या गुणधर्माचा उपयोग करून १००० मिलिग्रॅमऐवजी २५० मिलिग्रॅम औषध हलक्या न्याहारीबरोबर देता येईल का, याची तुलना करणारी शिकागो येथील चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ७२ रुग्णांच्या त्या चाचणीत कमी मात्रेचा परिणाम पूर्ण मात्रेहून कमी ठरला नाही. औषधाचा खर्च रुग्णाच्या खिशातून होणाऱ्या देशांत या निष्कर्षाकडे आस्थेने पाहिले जाते. तथापि हा बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करण्याजोगा आहे.

केपसाइटाबिन: ही गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घेतात. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी तिची विषारिता वाढू शकते. वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एर्लोटिनिब: फुप्फुसाच्या कर्करोगावरील ही गोळी अनशापोटी घेतात. धूम्रपानाने तिची पातळी घटते. आम्लशामक औषध चालू असलेल्या रुग्णांना ती कोला पेयाबरोबर दिल्यास पेयातील आम्लामुळे शोषण वाढते, असे नेदरलँड्समधील एका छोट्या चाचणीत दिसून आले.

मर्कॅप्टोप्युरिन: मुलांच्या रक्तकर्करोगात हे औषध दीर्घकाळ दिले जाते. गाईच्या दुधातील झँथिन ऑक्सिडेज हे विकर त्याचे विघटन करते, म्हणून ते दुधाबरोबर देऊ नये, असा सल्ला बराच काळ रूढ होता. पुढे अमेरिकेतील बालरुग्णांच्या अभ्यासात दूध वा अन्नाबरोबर घेतल्याने रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. गोळी रोज न चुकता घेणे हेच अधिक निर्णायक ठरले. याउलट संधिवातावरील ॲलोप्युरिनॉल शरीरातील तेच विकर अडविते. ते देणे भाग असल्यास मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा एक तृतीयांश ते एक चतुर्थांशावर आणावी लागते.

प्रोकार्बाझिन: काही लसिकार्बुदांवर वापरल्या जाणाऱ्या या औषधाबरोबर मुरविलेले चीज, आंबवून मुरविलेले पदार्थ व मद्य वर्ज्य करतात, कारण त्यांतील टायरामिनमुळे रक्तदाब एकाएकी चढू शकतो. सर्दीच्या गोळ्यांतील फिनाइलेफ्रिनमुळेही हाच धोका संभवतो.

बोर्टेझोमिब: ग्रीन टीमधील एक द्रव्य या औषधाला चिकटून त्याचा परिणाम नष्ट करते, असे २००९ साली प्रयोगशाळेतील पेशी व उंदीर यांवरील प्रयोगांत आढळले.

दोन्ही औषधांची गाठ कोठे पडते

ॲलर्जीची व कर्करोगाची औषधे एकाच रुग्णाच्या शरीरात पुढील प्रसंगी एकत्र येतात.

उपचाराचा भाग म्हणून: पॅक्लिटॅक्सेल हे इंजेक्शन पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी एरंडेल तेलापासून बनविलेला विद्रावक वापरतात आणि त्यामुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते. ती टाळण्यासाठी इंजेक्शनापूर्वी डेक्सामेथासोन, फेनिरामिन वा डायफेनहायड्रामिन आणि आम्लता कमी करणारे एक औषध देतात. येथे ॲलर्जीचे औषध कर्करोगाच्या औषधाचे साहाय्यक असते.

टॅमॉक्सिफेनबरोबर: स्तनाच्या कर्करोगावर अनेक वर्षे घ्यावी लागणारी ही गोळी सीवायपी२डी६ विकरामुळे एंडॉक्सिफेन या प्रभावी रूपात बदलते. नैराश्यावरील पॅरोक्सेटिन व फ्लुओक्सेटिन हे विकर जोरकसपणे अडवितात. झोपेसाठी वा सर्दीसाठी घेतले जाणारे डायफेनहायड्रामिनही ते काही प्रमाणात अडविते. म्हणून दीर्घकाळ ॲलर्जीचे औषध लागणाऱ्या अशा रुग्णांसाठी या विकराला न अडविणारे औषध निवडले जाते.

हृदयाच्या तालाबाबत: निलोटिनिब, व्हँडेटॅनिब व आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधे क्यूटी अंतर लांबवितात. वांतीवरील ऑन्डान्सेट्रॉनही हाच परिणाम करते. त्यांत खाजेवरील हायड्रॉक्सिझिनची भर पडल्यास धोका वाढतो. रक्तातील पोटॅशियम वा मॅग्नेशियम जुलाब-उलट्यांमुळे घटलेले असल्यास तो आणखी गंभीर होतो.

गुंगीबाबत: वेदनाशमनासाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाने सर्दीची जुनी गोळी घेतल्यास अतिगुंगी, बद्धकोष्ठता व वृद्धांमध्ये पडण्याचा धोका वाढतो.

तापाबाबत: बाजारात मिळणाऱ्या सर्दीच्या संयुक्त गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटॅमॉलही असते. रसायनोपचारानंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप हे जंतुसंसर्गाचे पहिले आणि कधी कधी एकमेव लक्षण असते. संयुक्त गोळीने तो दबला, तर रुग्णालयात पोहोचण्यास उशीर होतो. ही औषधांची परस्परक्रिया नसली, तरी ‘साध्या’ गोळीमुळे जिवावर बेतण्याचा हाही एक मार्ग आहे.

गाजरगवत आणि ॲझाथायोप्रिन

महाराष्ट्रात या दोन औषधवर्गांना जोडणारा एक दुवा गाजरगवताने निर्माण केला आहे. पार्थेनियम नावाचे हे परदेशी तण १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या हवेतून पसरणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे चेहरा, मान व हात यांवर चिवट त्वचादाह होतो. शेतात राबणाऱ्यांना त्याचा उपद्रव विशेष होतो. जुनाट रुग्णांना भारतीय त्वचारोगतज्ज्ञ ॲझाथायोप्रिन देतात. ॲझाथायोप्रिनचे शरीरात मर्कॅप्टोप्युरिनमध्ये, म्हणजे रक्तकर्करोगाच्या औषधातच, रूपांतर होते. त्यामुळे ॲलर्जीसाठी ही गोळी घेणाऱ्या शेतकऱ्याला संधिवातासाठी ॲलोप्युरिनॉल दिले गेल्यास मज्जेतील रक्तनिर्मिती धोक्यात येते. ॲलर्जीचा रुग्ण आणि कर्करोगाचा रुग्ण यांना येथे एकच इशारा लागू होतो.

ग्रेपफ्रूट, द्राक्ष आणि पपनस

ग्रेपफ्रूट या नावामुळे मराठी वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव असतो. हे फळ द्राक्षवर्गीय नाही. पपनस व गोड संत्रे यांच्या नैसर्गिक संकरातून ते अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर उद्भवले. झाडावर ते द्राक्षांसारखे घोसाने लागते, म्हणून त्याला तसे नाव पडले. शब्दशः भाषांतरात ‘द्राक्षफळ’ असे रूप वापरले गेल्यास इशारा भलत्याच फळावर जातो. नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील घरांत हंगामात द्राक्षे रोजच्या खाण्यात असतात. औषधांच्या माहितीपत्रकातील ग्रेपफ्रूटविषयीचा इशारा या द्राक्षांना लागू होत नाही. रोगप्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णाने ती स्वच्छ धुऊन खावीत, एवढीच सर्वसाधारण काळजी पुरेशी असते.

याउलट ग्रेपफ्रूटचा खरा नातलग असलेले पपनस सहसा संशयाबाहेर राहते. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास ते बाजारात येते. गणेशोत्सवातील फळांत आणि गोव्यात गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीत त्याला स्थान आहे. पपनसातही फ्युरानोकुमारिने असतात; वाणानुसार त्यांचे प्रमाण बदलते. ज्या औषधावर ग्रेपफ्रूटविषयी इशारा आहे, त्या औषधाबरोबर पपनसही टाळणे इष्ट मानले जाते. इमॅटिनिब, निलोटिनिब, लॅपाटिनिब आणि ॲलर्जीवरील रुपाटाडिन ही अशी औषधे आहेत. मार्मालेडसाठी वापरले जाणारे कडू संत्रेही याच गटात मोडते. नागपुरी संत्र्याला हा इशारा लागू नाही. मात्र फेक्सोफेनाडिनची गोळी कोणत्याही संत्र्याच्या रसाबरोबर गिळू नये.

हळद, मिरे आणि काढे

हळदीतील कुरक्युमिनमुळे कर्करोगाच्या रुग्णांत हळदीच्या कॅप्सूल घेण्याची प्रवृत्ती वाढली आहे. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांवरील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत कुरक्युमिन १२०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देण्यात आले. त्यामुळे प्रभावी एंडॉक्सिफेनची मात्रा सुमारे ८ टक्क्यांनी आणि मिऱ्यातील पायपेरिनची जोड दिल्यावर सुमारे १२ टक्क्यांनी घटली. हळदीत साधारण ३ टक्के कुरक्युमिन धरले, तर ही रोजची मात्रा शंभर ग्रॅमहून अधिक हळदीइतकी होते. सांगलीची असो वा घरी कुटलेली, भाजी-आमटीतील चिमूटभर हळद या हिशेबात बसत नाही. सावधगिरीचा प्रश्न स्वयंपाकाचा नसून कॅप्सूलचा आहे.

पायपेरिन हे मिरे व पिंपळी यांतील तिखट द्रव्य सीवायपी३ए४ व पी-ग्लायकोप्रोटीन यांना अडविते. सुंठ, मिरे व पिंपळी यांचे ‘त्रिकटू’ आयुर्वेदात प्रसिद्ध आहे. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत पायपेरिनच्या या औषधवर्धक गुणावर संशोधन झाले आणि पुढे क्षयरोगावरील रिफाम्पिसिनबरोबर त्याचा उपयोग करण्यात आला. जो गुण एका औषधाच्या बाबतीत उपकारक ठरला, तोच कर्करोगाच्या औषधाची पातळी अनपेक्षितपणे वाढवू शकतो.

सर्दी व ॲलर्जीवर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या काढ्यांत गुळवेल असते. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतदाहाचा अहवाल प्रसिद्ध केला. वनस्पतीची ओळख पटविण्यात चूक झाली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्यावर घेतला. हा वाद बाजूस ठेवला, तरी रसायनोपचार चालू असताना यकृताच्या चाचण्या बिघडल्या तर दोष औषधाचा की काढ्याचा हे ठरविता यावे, यासाठी काढ्याची नोंद असणे आवश्यक ठरते. युरोपात नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने इरिनोटेकानच्या प्रभावी द्रव्याची पातळी ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ साली सिद्ध झाले आहे. ‘वनस्पती आहे, अपाय करणार नाही’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

उपवास आणि ‘अनशापोटी’

महाराष्ट्रात एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र आदी उपवास अनेक कुटुंबांत पाळले जातात. औषधशास्त्रातील उपाशीपोट आणि धार्मिक उपवास या भिन्न गोष्टी आहेत. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची तुपातील भाजी हा फराळ स्निग्धच असतो. उपवास आहे म्हणून लॅपाटिनिब, निलोटिनिब वा ॲबिराटेरोन अशा खिचडीबरोबर घेतल्यास औषधाची मात्रा घातक प्रमाणात वाढू शकते. दुसरीकडे, निर्जळी उपवासाच्या दिवशी इमॅटिनिब वा केपसाइटाबिन रिकाम्या पोटी घेणे किंवा वगळणे हेही अहितकर आहे. रमजानचे रोजे पाळणाऱ्या रुग्णांपुढेही वेळापत्रकाचा हाच प्रश्न येतो. दूध घातलेला चहा व बिस्किटे घेतल्यावर पोट अनशी राहत नाही, ही साधी बाबही रुग्णाला सांगावी लागते.

नोंदी आणि यंत्रणा

कर्करोगाचे उपचार बहुधा एका ठिकाणी आणि सर्दी-खोकल्याचे दुसऱ्या ठिकाणी होतात. नाशिकमधील इंदिरानगरसारख्या निवासी वसाहतीतील रुग्ण मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेत असल्यास दोन्ही ठिकाणांत सुमारे १७० किलोमीटरचे अंतर असते. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयातील नोंद कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याने दिलेल्या गोळीची नोंद रुग्णालयात होत नाही. आयुर्वेदीय वा होमिओपॅथिक उपचार चालू असल्यास तिसरी वही तयार होते. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या या सर्व शाखांची महाविद्यालये संलग्न आहेत. शिक्षण एका छत्राखाली असले, तरी रुग्णाची कागदपत्रे एकत्र आणण्याचे काम अखेर रुग्णाच्या कुटुंबालाच करावे लागते.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी भारतात २०१० साली भारतीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांच्याप्रमाणे रुग्णालाही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करता येते. औषध–आहार आंतरक्रियांमुळे झालेले अपायही यात नोंदविता येतात.

सर्वसाधारण खबरदारी

आंतरक्रिया टाळण्यासाठी पुढील गोष्टी उपयुक्त मानल्या जातात.

– सर्व औषधांची एकच यादी ठेवणे. तीत सर्दीच्या गोळ्या, आम्लशामके, जीवनसत्त्वे, काढे, चूर्णे व हळदीच्या कॅप्सूल यांचाही समावेश असावा.

– गोळीच्या व्यापारी नावाऐवजी तिच्यातील घटकद्रव्यांची नावे लिहिणे. एकाच नावाच्या मालिकेत घटक वेगवेगळे असू शकतात.

– प्रत्येक गोळीपुढे ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’ की ‘जेवणाशी संबंध नाही’ हे स्पष्ट लिहून घेणे. औषध बदलल्यास ही नोंदही बदलणे.

– अन्य सूचना नसल्यास गोळी साध्या पाण्याबरोबर घेणे.

– रसायनोपचार चालू असताना ताप आल्यास गोळी घेण्यापूर्वी तो मोजणे आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयास कळविणे.

– ॲलर्जीच्या गोळीनंतर भोवळ, छातीत धडधड किंवा शुद्ध हरपणे असे घडल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घेणे.

– आंतरक्रियेच्या भीतीने कर्करोगाचे औषध परस्पर बंद न करणे. औषध बंद पडल्याने होणारी हानी बहुधा आंतरक्रियेपेक्षा मोठी असते. पथ्यात, वेळेत वा जोडीच्या गोळीत बदल करून बहुतेक आंतरक्रिया टाळता येतात. तो बदल डॉक्टरांनी वा औषधनिर्मात्याने यादी पाहून ठरवावयाचा असतो.